वर्षभर वाजलेला फोन

मित्रांनो, मी आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका मच्छीमार गावातला जुना सार्वजनिक फोन आहे. धक्क्यालगतच्या काचेच्या खोक्यात माझं आयुष्य गेलं.

मी आलो तेव्हा टपाल आणि तार खात्याचं राज्य होतं. फोन देणारे तेच, दर ठरवणारे तेच आणि तक्रार ऐकणारेही तेच. घरी फोन हवा असेल, तर पाच-सहा वर्षं वाट पाहायची. त्यामुळे माझा थाट काय विचारता! रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे सामूहिक प्रार्थना, झाली की माझ्यासमोर रांग लागे. गावातल्या अट्रॅक्टाबाईंच्या बहिणीचा बॉस्टनहून फोन यायचा असे. मग बाई काचेवर टकटक करून आतल्याला ओरडत, "आटप रे पॅकी! लग्न जुळवतोयस का तिथे?"

पुढे युरोपभर कायदे बदलले. नव्या कंपन्या आल्या आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला स्वतंत्र नियामक बसला. वर्षांची कामं दिवसांत होऊ लागली. लोकांचं भलं झालं, हे मी मोकळ्या मनाने सांगतो. पण घरोघरी फोन आले आणि माझी रांग आटली. तेव्हा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

एके दिवशी माझ्या काचेवर नोटीस चिकटली. दिवसाला सरासरी मिनिटभर तरी वापर झाला नाही, तर वर्षाने हा फोन काढणार. आमच्या धक्क्यावर मोबाईल लागत नाही. अट्रॅक्टाबाईंच्या नवऱ्याची, कोलमनची, होडी खडकावर फुटली तेव्हा मदतीची नौका माझ्यावरूनच बोलावली होती. बाई पेटून उठल्या. "याला जाऊ द्यायचं नाही. प्रत्येकाने घरून याला रोज एक फोन लावायचा!"

आणि मी वाजू लागलो! न्याहारीला, जेवणाला, चहाला. धक्क्यावर जो असेल तो मला उचलून "ओहोटी लागलीय बरं का" असं काहीबाही सांगे. मला वाटलं, जुने दिवस परत आले.

वर्ष सरलं. डब्लिनहून एक अधिकारी बाई आकडे घेऊन आल्या. "वर्षभरात एकूण अकरा मिनिटं वापर."

"काहीतरीच! अहो, हा दिवसभर वाजत असतो," अट्रॅक्टाबाई म्हणाल्या.

"वाजणं नाही मोजत, बाई. इथून लावलेले फोन मोजतात."

"तरी मी म्हणत होतो, नोटीस चष्मा लावून वाचा," पॅकी पुटपुटला.

"तू कधी म्हणालास रे?"

अधिकारी बाईंनी कागद मिटला आणि त्या निघाल्या.

मित्रांनो, गावाने मला खरंच जीव लावला, पण घरात बसून. ज्याची गरज वाटते त्याला लांबून नुसती हाक मारू नका, उठून त्याच्यापाशी जा.

उद्या मला काढणार आहेत. आज संध्याकाळी अट्रॅक्टाबाई एकट्याच आल्या. नाणं टाकून त्यांनी घरचाच नंबर फिरवला.

"कोलमन, मी बोलतेय. धक्क्यावरून. काही नाही रे, चहा ठेव." मग घाईने म्हणाल्या, "थांब, ठेवू नकोस फोन. मिनिट पुरं होऊ दे."