फाट्यावरचे शब्द

"तुम्ही फाट्यावर पोचलात, नवऱ्याचं प्रेत पाहिलंत. त्यानंतर तुमच्या तोंडून पहिले शब्द कोणते निघाले, ते कोर्टाला सांगा."

समोरच्या, ट्रकमालकाच्या बाजूच्या वकिलानं हे अगदी मऊ आवाजात विचारलं, घरातल्या माणसानं विचारावं तसं. कुसुमबाई साक्षीदाराच्या पिंजऱ्यात कठड्याला धरून उभी होती. आतापर्यंतच्या प्रश्नांना तिनं न अडखळता उत्तरं दिली होती. नवरा काय करायचा? विहिरी खोदायचा. कमाई घरी द्यायचा का? द्यायचा. दारू प्यायचा का? न्हाई. ही उत्तरं तिच्या बाजूच्या दत्तराव वकिलांनी तिच्याकडून पाठ करून घेतली होती. या प्रश्नाची तयारी मात्र त्यांनी करून घेतली नव्हती, कारण फाट्यावर ती काय बोलली हे तिनं त्यांना कधी सांगितलंच नव्हतं.

दाराबाहेरच्या बाकावर भगवानराव बसले होते. गावातले मोठे शेतकरी. त्यांनाही आज साक्षीला बोलावलं होतं, समोरच्या बाजूनं. कुसुमबाईची नजर तिकडं गेली तशी त्यांनी मान वळवली. वकिलाला हे कुणी सांगितलं, ते तिला कळून चुकलं.

दोन वर्षांपूर्वी कापसाच्या वेचणीचे दिवस होते. ती रानात होती. कुणीतरी बांधावरून ओरडलं, सितारामला फाट्यावर ट्रकनं उडवलं म्हणून. ओटीतला कापूस तिथंच टाकून ती पळत सुटली. पळताना तिला भीती वाटत नव्हती, राग येत होता. भर दिवसा पिऊन रस्त्यात पडला असणार, दुसरं काय?

सिताराम माणूस तसा गुणाचा होता. पोखर्णीपासून पार सोनपेठकडच्या गावांपर्यंत त्याला विहिरीच्या कामाला बोलावणं यायचं. विहिरीत उतरला की तो खडकाला तळहात लावून उभा राहायचा आणि सुरुंग कुठं घ्यायचा ते सांगायचा. काम चालू असेपर्यंत थेंबाला शिवायचा नाही. काम संपलं, की गुत्त्यावर जाऊन बसायचा तो अंधार पडेपर्यंत. मग घरी यायचा आणि हात उगारायचा. सकाळी उठून न बोलता रांजण भरून ठेवायचा. कुसुमबाईनं त्या भरलेल्या रांजणाकडं बघत कितीतरी वर्षं काढली होती.

ती पोचली तेव्हा सिताराम रस्त्याच्या कडेला, डांबराच्या खाली मातीत पडला होता. परभणीच्या व्यंकटराव नावाच्या कापूस व्यापाऱ्याचा भरलेला ट्रक पुढं तिरपा उभा होता. ड्रायव्हर पळून गेला होता. बैलगाडीला मागं टाकायच्या नादात त्यानं ट्रक थेट कडेच्या मातीत घातला, असं गाडीवान सगळ्यांना सांगत होता. भोवती गाव जमलं होतं. तिची सासू बायनाबाई लेकाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. कुसुमबाईनं ते बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "पिऊनच पडला आसंल. सुटले मी."

मग ती मटकन खाली बसली आणि तिनं हंबरडा फोडला. लोकांनी ते रडणं ध्यानात ठेवलं असेल, असं तिनं स्वतःला समजावलं होतं. त्या दोन वाक्यांचं नंतर कुणी नाव काढलं नाही. सासूनंही नाही. पण रात्री लेक सत्यशीला कुशीत झोपली, की कुसुमबाईला आपलाच आवाज ऐकू यायचा, आणि अंधारातही तोंड लपवावंसं वाटायचं.

सितारामच्या मागचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि भगवानरावांचा निरोप आला. अठ्ठ्याहत्तरच्या नामांतराच्या जाळपोळीनंतर बौद्ध वस्तीतली माणसं गावातल्या कुणाच्या ओट्यावर सहसा जात नसत. तरी ती गेली. तिथं व्यंकटरावांचा माणूस बसला होता. भगवानरावांनी शांतपणे सांगितलं की पोलिसांची केस सरकारची असते, ड्रायव्हरला फार तर थोडी शिक्षा होईल, त्यातून तुझ्या पदरात काही पडायचं नाही. व्यंकटराव भले माणूस आहेत, आपसात मिटवून आत्ताच काही द्यायला तयार आहेत. फक्त एका कागदावर अंगठा द्यायचा, की सिताराम दारूच्या नशेत आपणहून गाडीसमोर आला.

"कोर्टात गेलीस तर पोरगी म्हातारी व्हईल," भगवानराव म्हणाले. "आन् खोटं काय लिव्हायलाय त्यात? तू सोताच म्हनलीस की."

तिला वर बघवलं नाही. विचार करून सांगते, एवढंच म्हणून ती उठली.

दत्तराव वकिलांचं नाव तिला वस्तीतल्या लोकांनी सांगितलं. नामांतराच्या सत्याग्रहात ते तुरुंगात जाऊन आलेले. परभणीत एका अडत दुकानाच्या वर त्यांची खोली होती. त्यांनी तिला आणि बायनाबाईला खुर्च्यांवर बसवलं, आणि खुर्चीवर बसायची सवय नसलेल्या त्या दोघी टोकाला टेकून ऐकत राहिल्या. फौजदारी खटला पोलीस चालवतील, त्यात आपलं काम फक्त साक्षीचं. आपसात मिटवलं तर रक्कम लगेच हातात येईल, पण एकदा अंगठा दिला की बाकीची दारं बंद. तिसरी वाट अपघाताच्या दाव्याची. तो सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. बायको, मुलगी आणि आई, तिघींच्या नावानं लावता येतो. चूक कुणाची हे ठरायच्या आधीच थोडी ठरावीक भरपाई मिळावी, अशी सोयही कायद्यात नुकतीच झाली होती. बाकीची विमा कंपनीकडून, चूक शाबीत झाल्यावर.

"कोर्ट तुम्हाला एकच विचारणार, कुसुमताई," दत्तराव म्हणाले. "हा माणूस गेल्यानं तुमचं काय गेलं?"

कुसुमबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. दत्तरावांना वाटलं, दुःखानं तिला बोलवत नाही.

दारूची गोष्ट मात्र तिनं सांगितली. दत्तरावांनी शवविच्छेदनाचा कागद पुन्हा वाचून काढला. मग म्हणाले की ते कोर्टात बोलायचं नाही. शवविच्छेदनात दारू सापडली असं लिहिलेलं नाही, आणि नव्हती असंही नाही. "त्यांचा सगळा डाव तेवढ्यावरच हाय, ताई. ही वस्तीतली माणसं पितात, हे तिथं बसलेल्या कुणालाबी सांगावं लागत न्हाई. आधीच पटलेलं असतं. आपण आपल्या तोंडानं ते त्यांच्या हातात द्यायचं न्हाई."

त्यांचं म्हणणं तिला पटलं. पटलं, तरी खोटं पाठ करताना तिच्या कानशिलांना चटका बसायचा.

आणि आता तो वकील उत्तराची वाट बघत होता.

"मी कायबी बोलले न्हाई, साहेब," कुसुमबाई म्हणाली. "नुसती रडले."

"'सुटले मी', असं म्हणाला नाहीत?"

टाइप करणाऱ्या बाबूचे हात थांबले. न्यायाधीशांनी मान वर केली. दत्तराव वळून तिच्याकडं बघत होते, आणि त्या नजरेत राग नव्हता हेच तिला सोसवेना.

"न्हाई," ती म्हणाली.

पिंजऱ्यातून उतरून ती सासूशेजारी जाऊन बसली, पण सासूकडं बघायचा तिला धीर झाला नाही. शपथ घेऊन खोटं बोललो, याची लाज होतीच. पण त्याहून मोठी लाज अशी, की ते ऐकायला ज्या बाईनं लेकाचं डोकं मांडीवर घेतलं होतं तीच शेजारी बसली होती.

जेवणाच्या सुटीनंतर बायनाबाईची पाळी होती. सकाळचा प्रकार पाहून तिची साक्ष नकोच, असं दत्तरावांच्या मनात आलं होतं. तसं ते म्हणणार, तोवर म्हातारी उठून पिंजऱ्यात जाऊन उभीही राहिली. लेक मला सांभाळायचा, एवढंच तिनं सांगायचं ठरलं होतं. शपथ झाली, आणि कुणी काही विचारायच्या आत ती बोलायला लागली.

"माझा लेक पेत होता, साहेब."

दत्तराव ताडकन उभे राहिले. न्यायाधीशांनी हातानंच त्यांना बसायला सांगितलं.

"पेत होता आन् हिला मारायचा. मी चुलीपाशी बसून आईकायचे. एक दिस उठले न्हाई मधी पडायला. ही म्हनली, सुटले मी. म्हनली, खरं हाय. मी तितंच होते. हिच्या जागी मी असते तर मीबी तेच म्हनले असते."

कुसुमबाईनं पदर तोंडात धरला. आपल्याला भर कोर्टात उघडं केलं असं तिला वाटलं, आणि त्याच वेळी पाठीवर कुणीतरी हात ठेवल्यासारखंही वाटलं.

बायनाबाईच्या डोळ्यांना नेहमी पाणी यायचं, ते तिनं लुगड्याच्या पदरानं टिपलं.

"पन त्या दिशी तो पेला नव्हता. दुपारी घरी आला. माझ्यासंगं बसून भाकर खाल्ली. माझा डोळा लय खुपत होता. म्हनलं, फाट्यावर जा, डाक्तरकडून थेंब घेऊन ये. तो म्हनला, उंद्या जातो, आज अंग दुखायलंय. मी आईकलं न्हाई. मीच धाडला त्याला."

समोरचा वकील उठला. तो प्यालेला नव्हता हे तुम्हाला कशावरून कळलं, असं त्यानं विचारलं.

"मी माय हाय त्याची. दारात पाय ठिवायच्या आधी मला कळायचं."

"मग आजी, हे तुम्ही आजवर कुणालाच का सांगितलं नाही? तुमच्या सुनेलासुद्धा?"

म्हातारी पहिल्यांदा सुनेकडं वळली. उत्तर तिनं वकिलाला दिलं, पण बघितलं तिच्याकडं.

"मीच धाडला हे कोन्त्या तोंडानं सांगू? शरम वाटली. आन् हिनं चार मानसांत म्हनलं, पिऊन पडला आसंल. तवा जर मी म्हनले असते की न्हाई गं, त्यानं घोटबी घेतला न्हाई, तर ह्या पोरीनं आपलं तोंड कुटं न्हेलं असतं?"

थोड्या वेळानं टाइपरायटर पुन्हा सुरू झाला.

मग भगवानरावांची साक्ष झाली. कुसुमबाई फाट्यावर काय बोलली ते त्यांनी सांगितलं. सासूनंच ते आधी सांगून टाकल्यामुळं त्यात आता काही उरलं नव्हतं. दत्तरावांनी त्यांना एवढंच विचारलं, की प्रेत उचलायला तुम्ही हात लावला होता का. लावला होता. खांद्याकडून धरलं होतं का. हो. मग दारूचा वास आला का? भगवानरावांनी हातातली टोपी या हातातून त्या हातात घेतली. एकदा व्यंकटरावांच्या माणसाकडं बघितलं. मग खाली बघत म्हणाले, "न्हाई. वास आल्याचं ध्यानात न्हाई."

कोर्टाबाहेरच्या टपरीवर दत्तरावांनी स्वतः दोन्ही हातांत कप धरून दोघींसाठी चहा आणला. म्हातारीचा चहा गरम होता, तर त्यांनी तो बशीत ओतून दिला आणि ती पिऊन होईपर्यंत उभे राहिले.

एसटीत दोघींना शेजारी जागा मिळाली. गाडी गंगाखेडच्या रस्त्याला लागली. बऱ्याच वेळानं कुसुमबाईनं खिडकीबाहेर बघतच विचारलं,

"खरंच पेले नव्हते?"

"न्हाई."

जन्मभर तिनं सितारामला अरेतुरे केलं होतं. आज तोंडातून 'पेले' कसं निघालं, तिचं तिलाही कळलं नाही.

"भाकरीसंगं काय खाल्लं?"

"तू सकाळी करून ठिवलेली अंबाड्याची भाजी," बायनाबाई म्हणाली. "आजून हाय का म्हनला. म्या माझ्या ताटातली वाढली."

कुसुमबाईनं कपाळ खिडकीच्या गजाला टेकवलं. गाडीच्या हादऱ्यानं गज कपाळावर आदळत होता. तिनं डोकं काढून घेतलं नाही.

निकाल पावसाळा सरल्यावर लागला. चूक ट्रकची होती, आणि मयत नशेत असल्याचं शाबीत झालं नाही, असं न्यायाधीशांनी लिहिलं होतं. मयताच्या आईची साक्ष तिच्या स्वतःच्या विरुद्ध जाणारी असूनही तिनं ती दिली, म्हणून ती विश्वासार्ह वाटते, असंही लिहिलं होतं. मात्र कमाईचा सगळाच भाग घरी येत नसावा असं धरून भरपाई मागितल्यापेक्षा कमी केली होती. बरीचशी रक्कम सत्यशीलाच्या नावानं बँकेत राहणार होती. दत्तरावांना ते मान्य नव्हतं. औरंगाबादला अपील करू, असं ते म्हणत होते. कुसुमबाईनं हात जोडले.

"नगं, साहेब. तितं परत तेच इचारतील. माझ्यात आता सांगायची ताकत न्हाई."

दत्तरावांनी मान हलवली. तुम्ही दोघी नीट जाल का, म्हणून त्यांनी विचारलं नाही; रिक्षा करून त्यांना बसस्टँडपर्यंत सोडलं.

फाट्यावर दोघी उतरल्या तेव्हा ऊन कलतं झालं होतं. कापसाच्या गाड्या पुन्हा चालू झाल्या होत्या. बायनाबाईनं सुनेकडं बघितलं आणि काही न विचारता गावाच्या वाटेला लागली, काठी टेकत, हळूहळू.

या जागेवरून कुसुमबाई कितीदा गेली होती, पण कधी थांबली नव्हती. आज थांबली. मातीत काहीच खूण नव्हती. गवत वाढलं होतं, त्यात कापसाचे पुंजके अडकले होते. सितारामला काहीतरी म्हणावं असं तिच्या मनात फार होतं. पण तिच्या शब्दांचा तिलाच आता भरवसा वाटत नव्हता.

एक ट्रक धूळ उडवत जवळून गेला. धूळ खाली बसेपर्यंत ती हलली नाही. मग वाऱ्यानं उडालेला पदर तिनं दोन्ही हातांनी डोक्यावर घेतला, घरात वडीलधारं माणूस समोर आल्यावर घ्यावा तसा नीट, कपाळापर्यंत, आणि मान खाली घालून क्षणभर तिथं उभी राहिली.