कोपऱ्यातला आकडा

गुणाजी बोऱ्हाडे गेले चौदा महिने चिडलेलाच होता. त्यामुळे मे महिन्यातल्या त्या रविवारी दुपारी तो पुन्हा भडकला, याचं घरात कोणाला नवल वाटलं नाही. फक्त या वेळी कारण होतं एक वीतभर लांबीचा दांडा.

एकोणीस वर्षं त्याने कल्याण-नगर एसटी माळशेज घाटातून चढवली आणि उतरवली होती. मागच्या वर्षी, अठ्ठ्याण्णवच्या मार्चमध्ये, तपासणीला एका डॉक्टरने त्याला तक्ता वाचायला लावला आणि कागदावर लिहून टाकलं की याला गाडी देऊ नये. डोळ्याचा मागचा पडदा खराब होतोय, चष्म्याने भागणार नाही, असंही वर सांगितलं. डेपोने त्याला गेटवर बसायचं काम दिलं. गुणाजीने ते चार दिवस केलं आणि पाचव्या दिवशी राजीनामा टाकून डोंबिवलीला घरी येऊन बसला. तेव्हापासून त्या डॉक्टरवर तोंडसुख घेतल्याशिवाय त्याला जेवण जात नसे. कालचं पोरगं, खोलीत मिणमिणता दिवा, तक्ता मळलेला! ज्याने जन्मात सायकल चालवली नसेल, त्याने एका सहीत माणसाची एकोणीस वर्षं पुसून टाकावीत?

आणि आता कुठे देव पावला होता. टिटवाळ्याच्या एका नव्या शाळेला बससाठी ड्रायव्हर हवा होता. त्यांनी लायसन पाहिलं, त्याला अजून दीड वर्षाची मुदत होती. माळशेजचं नाव ऐकलं आणि चौदा जूनपासून या म्हणाले. डोळ्यांचं त्यांनी विचारलं नाही, याने सांगितलं नाही. डॉक्टरच चुकला होता म्हटल्यावर सांगायचं काय?

राहिला तो दांडा. गुणाजीची मुलगी शुभदा स्टेशनजवळच्या एका दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करायची. पोरीला गाड्यांचं वेड बापाकडून आलेलं. गाडी घ्यायची ऐपत नाही, म्हणून तिने घरातच गाडी मांडली होती. जुने भाग जोडून केलेला कॉम्प्युटर, बंद पडलेल्या गेम पार्लरमधून उचललेलं स्टिअरिंग, रेस द्यायला शिलाई मशीनच्या मोटरचं पायडल, आणि पडद्यावर घाटातली शर्यत. गेला महिनाभर गुणाजी तिच्या शेजारी स्टुलावर बसून ती शर्यत बघत होता आणि ती नसताना हळूच खेळतही होता. आता फक्त गिअर बसवायचा राहिला होता. फळीवर दोन दांडे होते, त्यातला एक ठेवायचा होता.

"हा पार्लरच्या मशीनचा," शुभदा म्हणाली. "पुढे ढकलला की एक गिअर वर, मागे ओढला की एक खाली. बस."

"हा गिअर आहे? हा हापसा आहे," गुणाजी म्हणाला. "पाणी काढणार आहेस काय?"

दुसरा दांडा त्याने स्वतः वालधुनीच्या भंगारवाल्याकडून आणला होता. खऱ्या जीपचा, प्रत्येक गिअरची खाच वेगळी. शुभदाने कुरकुर करत का होईना, त्याच्या प्रत्येक खाचेला एकेक बटण जोडलं होतं.

"आण्णा, तुमचा जड आहे. वळणावर वेळ जातो. शर्यतीच्या गाड्यांना असाच असतो, पुढे-मागे."

"आणि कुठल्या गिअरमध्ये आहोत ते कसं कळायचं? दांडा तर प्रत्येक वेळी मधेच येऊन उभा राहतो. गिअर हाताला कळला पाहिजे, हाताला!"

"त्यासाठी कोपऱ्यात आकडा येतो ना."

या वाक्याने गुणाजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. का गेली, हे त्यालाही सांगता आलं नसतं. "आकडे बघून गाडी चालवणारे तुम्ही! म्हणून तर रोज मरता रस्त्यावर," तो ओरडला. स्वयंपाकघरातून त्याची बायको गोदा म्हणाली, "अहो, हळू. शेजारची माणसं झोपलीत."

शुभदाने तोड काढली. दोन्ही दांड्यांवर एकेक फेरी मारायची, ज्याने लवकर पोचाल तो ठेवू.

जीपच्या दांड्यावर गुणाजीने घाट असा उतरवला की गोदा हातातलं पीठ तसंच घेऊन दारात येऊन उभी राहिली. प्रत्येक वळणाआधी दुसरा, सरळ रस्त्याला चौथा, एकदाही कठडा घासला नाही. "बघ," तो गरजला, "आण त्या डॉक्टरला इथे. बसव त्याला माझ्या मागच्या सीटवर."

"छान झालं," शुभदा हसली. "आता हापसा."

"त्याला मी हात लावणार नाही."

"का? जमणार नाही?"

तो तावातावाने पुन्हा बसला. दोन वळणं बरी गेली. मग ढकलण्या-ओढण्यात हाताचा हिशोब चुकला. स्पीकरचं गुरगुरणं सगळ्या गिअरला सारखंच. तिसऱ्या वळणावर गाडी कठडा तोडून दरीत गेली. पुन्हा सुरू केली, पुन्हा दरीत.

"आण्णा, चौथ्यात आहात तुम्ही. आकडा बघा ना."

"कुठला आकडा?"

तोंडातून निघून गेलं. शुभदाने पडद्याकडे पाहिलं. काडेपेटीएवढा पिवळाधमक चार तिथे चमकत होता.

"हा काय," तिने बोट ठेवलं. "इथे."

गुणाजीने थेट तिच्या बोटाकडे पाहिलं. बाजूचा रस्ता दिसत होता, तिचं मनगट दिसत होतं, बोटाच्या टोकाशी मात्र एक राखाडी डाग होता. नजर जिथे रोखावी तिथे तो आधीच जाऊन बसलेला असायचा. तीन वर्षं तो त्याला धूळ म्हणत होता, ऊन म्हणत होता, घाटातलं धुकं म्हणत होता.

"खिडकीचा उजेड पडतोय त्याच्यावर," तो म्हणाला.

शुभदाने खिडकी लावली. मग ओढणीने काच पुसली. काच स्वच्छच होती, हे दोघांनाही माहीत होतं. त्या पुसण्याचा त्याला इतका राग आला की एक थोबाडीत द्यावीशी वाटली.

"मग मघाशी एवढी छान कशी चालवलीत?" तिने अगदी हळू विचारलं.

उत्तर त्याच्याजवळ होतं. घाट पाठ होता. महिनाभर बघून हा पाठ झाला होता, आणि एकोणीस वर्षांत माळशेज. शेवटची दोन वर्षं त्याने पन्नास माणसं हाताच्या सवयीने आणि कानाने उतरवली होती, आणि वर छाती काढून फिरला होता. डॉक्टरवरचा राग अजून तसाच धगधगत होता, पण आता तो फेकायला समोर डॉक्टर नव्हता.

मग गुणाजीने पेचकस मागून घेतला आणि बोटांनी चाचपत आपला जीपचा दांडा फळीवरून सोडवायला लागला.

"तुझा बसव," तो म्हणाला. "मी उद्या टिटवाळ्याला जाऊन नाही सांगून येतो."

"अहो, सावकाश चालवली तर..." गोदा दारातून म्हणाली.

"सावकाश?" तो तिच्यावर खेकसला, पण आवाज मध्येच फाटला. "समोर पोर आलं, तर मी त्याच्याकडेच बघणार ना?"