डाव्या दंडाचं माप

मी एक जुनी मापाची टेप आहे. अंगावरचे आकडे निम्मे पुसट झालेत, टोकाची पितळी पट्टी सैल झाली आहे आणि मी अर्धा सेंटीमीटर खोटं बोलते. म्हणून आता खणात पडून असते, सुकलेल्या पेनांच्या शेजारी. पण मित्रांनो, त्या अर्ध्या सेंटीमीटरचा मला भारी अभिमान आहे.

कारखान्यातून निघताना वाटलं होतं, रेशमी कपड्यांची मापं घेऊ. नशीब बघा, मी आले मेंदूच्या शस्त्रक्रियांच्या वॉर्डात, आहारताईंच्या खिशात. कोणाच्या पोटात किती अन्न जायला हवं, हे त्या ठरवत, म्हणून सगळे त्यांना आहारताईच म्हणत. बेशुद्ध माणसाला वजनकाट्यावर उभं कसं करणार? त्यापेक्षा त्या दंडाचा घेर मोजत. सगळ्यांचं लक्ष डोक्याच्या पट्टीकडे, दंडाकडे फक्त आम्हा दोघींचं. काम झालं की मी खिशात गुंडाळून पडे, यंत्रांची गुणगुण ऐकू येई आणि माझा डोळा लागे. टेपेला डोळा कुठला, असं विचारू नका.

एकदा एक रंगारी आला. शिडीवरून पडला होता, डोक्याची मोठी शस्त्रक्रिया झाली होती. डावा दंड एकोणतीस सेंटीमीटर, भिंती रंगवून कमावलेला. त्या दंडाभोवती असताना मला वाटे, हा झोपेत अजून रंगवतोच आहे. एक फिकट निळी भिंत, जिला शेवटच नाही. नाकातल्या नळीतून त्याला पातळ अन्न देत. पण आज स्कॅन, उद्या तपासणी. दर वेळी "उपाशी ठेवा" म्हणत आणि नंतर अन्न सुरू करायचं राहून जाई.

त्यातच मला वॉर्डात सिस्टरांकडे ठेवून आहारताई आठ-दहा दिवस रजेवर गेल्या. पलंगाची डावी बाजू भिंतीला टेकलेली. नव्या सिस्टरने सोयीचा उजवा दंड मोजला. "तीस! बघा, अंगी लागतंय!" सगळे खूश. पण त्याच हाताला सलाईन होतं. तो दंड भरला नव्हता, सुजला होता. मला कळत होतं, पण आकड्यांपलीकडे मला भाषा कुठे येते? फार वाईट दिवस होते ते.

इकडे डोक्याची जखम भरेना. "माप तर वाढतंय, मग अडतंय कुठे?" डॉक्टर म्हणत. "जखम चिघळली तर सगळं केलेलं पाण्यात जाईल."

रंगाऱ्याची बायको बेकरीत पीठ मळायची. रोज दुपारी येऊन ती त्याचा उजवा हात चेपत बसे. आहारताई परतल्या त्या दिवशी ती म्हणाली, "ताई, मला आकड्यातलं काही कळत नाही, पण पीठ कळतं. चांगलं पीठ बोट काढलं की वर येतं. ह्यांच्या हाताला खड्डा पडतोय तो तसाच राहतोय."

आहारताईंनी स्वतः दाबून पाहिलं. चेहराच उतरला त्यांचा. पलंग पुढे ओढून त्यांनी मला डाव्या दंडाभोवती घेतलं. चोवीस. एवढी सैल मी कधीच पडले नव्हते.

"वहिनी, चुकलंच आमचं," त्या म्हणाल्या. "आमच्या डोळ्यांदेखत माणूस उपाशी राहिला."

त्यांनी उशाशी कागद चिकटवला: 'माप डाव्या दंडाचं. तपासणी झाली की नळीतून अन्न लगेच सुरू.' हळूहळू अन्न वाढवलं. साडेचोवीस. मग पंचवीस. जखम सुकू लागली.

एका दुपारी पडद्यातून पिवळं ऊन आलं होतं. मी दंडाभोवती अर्धवट झोपेत होते. तेवढ्यात त्याची बोटं हलली आणि त्यांनी माझं टोक धरलं.

"अहो, सोडा, टेप आहे ती," आहारताई हसत होत्या आणि रडतही होत्या.

"ओढू द्या, ताई!" बायको ओरडली. "टेप दुसरी मिळेल!"

आणि त्याने होती नव्हती ती सगळी ताकद लावून मला ओढलं. माझं ते अर्धा सेंटीमीटर खोटं तेव्हापासूनचं.

मित्रांनो, मोठ्या जखमेकडे सगळेच बघतात. तुम्ही भिंतीकडच्या हाताकडेही बघत जा. आजारी माणसापाशी बसलात तर एवढं विचारा, याच्या पोटात आज काय गेलं? माझ्या जागी नवी टेप आली आहे. ती अगदी खरं मोजते. पण तिला अजून कोणी ओढलेलं नाही.