मैदानाकडे पाठ

फुटबॉलच्या फायनलच्या दिवसापासून मैदान माझ्या पाठीमागेच आहे. मी उत्तरेला तोंड केलं की ते दक्षिणेला असतं, पूर्वेला केलं की पश्चिमेला. त्यात दोन्ही टीम आहेत, रेफ्री आहे, गॅलरी भरून माणसं आहेत आणि सामना अजून शून्य-शून्य आहे. शेवटची शिट्टी झालेली नाही. मागे काय चाललंय ते मला सगळं ऐकू येतं. दिसत काहीच नाही, पण न दिसण्याची मला सवय आहे.

ही सवय कशी लागली ते आधी सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल गडी कामातून गेला.

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला मी दोनदा नापास झालो आणि उद्यमनगरात लेथवर उभा राहिलो. कॉलेज सुटलं, कॉलेजची टीम सुटली नाही. पोरं दर दोन-तीन वर्षांनी नवी येतात, जर्सी तीच असते, निळी-पिवळी. आता माझे केस पांढरे झाले तरी ती जर्सी मैदानात उतरली की मी हातातलं काम टाकून जातो. कोल्हापुरात याला कुणी वेड म्हणत नाही. म्हणणाऱ्याला गावाबाहेरचा समजतात.

पहिल्या वर्षाला असताना एका सामन्यात मी शेंगा घ्यायला मागे वळलो आणि आपला गोल झाला. पुढच्या सामन्यात चपलेचा अंगठा तुटला म्हणून वळलो, पुन्हा आपला गोल. मैदानाकडे तोंड करून बसलो की मात्र गोल आपल्यावर व्हायचा. हे रंगराव अण्णांनी हेरलं. अण्णा आमच्या गॅलरीतले सगळ्यात जुने. मटणाचं दुकान आहे, आणि शब्द असा की तो कुणी मोडत नाही. ते म्हणाले, "आनंदा, तू उद्यापासनं तिकडं तोंड करून हुबा ऱ्हा." मी उभा राहिलो. आपण जिंकलो. झालं, तेव्हापासून ते माझं काम.

एकदा कुणाच्या तरी स्कूटरच्या आरशात चुकून मैदान दिसलं तर लगेच आपल्यावर पेनल्टी बसली. त्यानंतर अण्णांनी माझ्यासमोर कुणाला स्कूटर लावू दिली नाही. घरातला आरसाही मी काढून टाकला. उगीच जोखीम कशाला? दाढी मी हातानं चाचपून करतो.

म्हणजे दर सामन्याला मी तारेच्या कुंपणापाशी मैदानाकडे पाठ करून उभा असतो आणि समोर गॅलरी असते. आपल्या टीमचा एकही गोल मी पाहिलेला नाही. लोक हसतात. हसू देत. मी गोल माणसांच्या तोंडावर पाहतो. नुसत्या आवाजावरून काही कळत नाही, कारण ओरडायला नदीपलीकडच्या कॉलेजचे लोकही आलेले असतात. तोंडावरून कळतं. आपला गोल झाला की आपल्या माणसाचे डोळे आधी मोठे होतात, मग तोंड उघडतं. आपल्यावर झाला की तोंड उघडतं आणि डोळे बारीक होतात.

लग्न झालं त्या हंगामात शालन, माझी बायको, माझ्याबरोबर सामन्याला आली. पहिल्या ओळीत बसली, डोक्यावर पदर घेऊन. तिला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण गोल झाला तेव्हा तो मी तिच्या तोंडावर पाहिला, आणि मला वाटलं, या मैदानात आपल्याइतका सुखी माणूस दुसरा नाही. अजूनही तसंच वाटतं. ती पुढे सामन्याला यायची थांबली, तरी तो चेहरा मला घरात अधूनमधून दिसायचा.

तर फायनल. जादा वेळ संपला, पेनल्टी व्हायच्या होत्या त्या झाल्या नाहीत, खेळ तसाच चालू राहिला. मला भूक लागली म्हणून मी घरी निघालो, आणि मैदान माझ्या मागोमाग निघालं. गेटपाशी मला वाटलं आता थांबेल, पण ते गेटातून बाहेर आलं. मी पानपट्टी ओलांडली तर पानपट्टी गॅलरीत गेली. पानपट्टीवाला मागून ओरडला, "कॉर्नर हाय, कॉर्नर." मी त्याच्याकडे वळून पाहिलं तर माझ्याबरोबर मैदानही वळलं आणि तो मागेच राहिला. जे एकदा माझ्या मागे गेलं ते पुढे येत नाही, हे मला तिथे कळलं. दूधकट्टा गेला, चौकातला पुतळा गेला, शेजारचे सुतार आपल्या खुर्चीसकट गेले. दार ओलांडलं तसं दारही गेलं, आणि बाहेरची खोलीही. मी स्वयंपाकघरात येऊन थांबलो. तिथे शालन पीठ मळत होती.

"माझ्या मागं जाऊ नगंस," मी म्हणालो.

"का?"

"मागं मॅच हाय."

"व्हय," ती म्हणाली, "फक्कीचा वास येतोय मगाधरनं."

तिनं भाकरी थापली. आम्ही दोघं स्वयंपाकघरात राहू लागलो. कामावर जाणं बंद झालं, कारण जायला दार नव्हतं. पिपात पाणी होतं, डब्यात पीठ होतं. मागे कायम उतरतं ऊन असायचं. ते माझ्या पाठीवर पडायचं आणि माझी सावली पुढे शेगडीमागच्या भिंतीवर. शालन त्या सावलीत बसून कांदा चिरायची. मला चांगलं वाटायचं. एका अंगानं सामना, दुसऱ्या अंगानं बायको, माणसाला आणखी काय लागतं?

पण मैदान थांबेना. एके दिवशी मी खाली पाहिलं तर माझ्या टाचा पांढऱ्या झाल्या होत्या. फक्कीची, म्हणजे मैदान आखायच्या चुन्याची, रेष टाचांना येऊन लागली होती.

"आनंदा," मागून अण्णांचा आवाज आला, "लाईनवर हैस. जरा फुडं सरक."

मी सरकलो. फ्रिज मागे गेला. रेष पुन्हा टाचांना लागली, मी पुन्हा सरकलो. भाकरी अर्धी भाजून झाली असताना शेगडी गेली. गॅलरीत कुणीतरी भाकरी उलटली, असं मला ऐकू आलं. मग पिप गेलं, पिठाचा डबा गेला. आता पुढे एक भिंत होती, भिंतीपाशी शालन होती आणि तिच्या हातात स्टीलची परात होती. आमच्यात हातभर अंतर राहिलं होतं.

"अण्णा, हितनं फुडं जागा न्हाई," मी म्हणालो.

"आता हातातोंडाशी आलंय रं," अण्णा म्हणाले. "त्यांचा बॅक लंगडाय लागलाय. तेवढं हुबा ऱ्हा."

शालन माझ्याकडे बघत होती. तिच्या कपाळावर पीठ लागलेलं होतं.

"एक विचारू?" ती म्हणाली. "ती पोरं तुमाला वळखतात तरी का?"

"न्हाई."

"आणि जिंकली तर?"

"तर जिंकली."

तिनं परात पदरानं पुसली. आतून ती लखलखीत होती, तिची भांडी कायम तशीच. मग तिनं ती हळूच माझ्यासमोर धरायला घेतली. मी झटकन मान खाली घातली.

"ह्यात बघा एकदा," ती म्हणाली. "बघितलं की आपल्यावर गोल बसंल. बसू द्या. शिट्टी हुईल, माणसं आपापल्या घरला जातील. मैदान जाईल."

"आणि?"

"आणि मी भाकरी करीन."

ती खरं तेच बोलत होती. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण लंगडणारा बॅक माझ्या कानात होता. त्याचा एक पाय जमिनीवर घासत होता, आणि आपला विंगर त्याच बाजूनं सुटला होता. मी डोळे मिटून तिच्या हातातली परात काढून घेतली, उलटी केली आणि खिळ्याला अडकवली, तोंड भिंतीकडे करून.

गॅलरीत टाळ्या झाल्या.

शालननं परातीच्या काळ्या बुडाकडे पाहिलं.

"बरं," ती म्हणाली. "मग मी जाते. हितं दोघांना हुबं ऱ्हायला जागा कुठं हाय."

"शालन, जाऊ नगंस."

"बघून सांगते की तुमाला," ती म्हणाली. "कुणीतरी सांगायला नको?"

ती अंग चोरून माझ्या बाजूनं निघाली. तिच्या बांगड्या माझ्या कोपराला लागल्या. मी मान फिरवता येईल तेवढी फिरवून तिच्याकडे बघत राहिलो. आधी खांदा गेला, मग गाल, मग कान, शेवटी कानातली कुडी. मग ती मागे होती.

सुरुवातीला तिनं खरंच सांगितलं. "निळ्यातला एक पडला," ती म्हणायची, किंवा "त्यो उंच पोरगा चांगला पळतोय." हळूहळू ती थ्रो-इन म्हणायला लागली, ऑफसाईड म्हणायला लागली. मग रेफ्रीला शिवी दिल्याचा आवाज आला आणि तो तिचाच होता. मी हसलो. हसू ओसरल्यावर लक्षात आलं की तिचा आवाज आता पहिल्या ओळीतून येत नाही, सगळ्या गॅलरीतून येतो.

मी तिचा चेहरा आठवायला लागलो. पीठ आठवलं, कपाळ आठवेना. तो पहिल्या हंगामातला गोलाचा चेहरा तेवढा आठवत होता, पण त्यात तिचं वय फार कमी होतं. आताची शालन मला कुठेच सापडेना. समोर भिंत आणि परातीचं काळं बूड, एवढंच होतं.

"आनंदा," एकदा अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज थकलेला होता. "एका पाठीनं आता भागंना झालंय."

"मग काय करायचं?"

"बघतो काय तरी."

थोड्या वेळानं शालनची हाक आली. "अवो, अण्णा म्हणत्यात—" पुढचं ढोलात बुडालं. ढोल थांबला तेव्हा ती बोलत नव्हती.

फक्कीची रेष पुन्हा टाचांना लागली. मी सरकलो आणि माझं नाक भिंतीला लागलं. भिंत मऊ होती. मी हात लावून पाहिला तर बोटं आरपार गेली. चुन्याचा पापुद्रा निघून भिंतीची जाळी झाली होती, पांढऱ्या दोरीची. परात जाळीला लटकत होती. दोन्ही बाजूंना खांब होते, डोक्यावर आडवी दांडी होती. मी गोलात उभा होतो, तोंड जाळीकडे करून.

"अण्णा, ह्यो गोल कुणाचा? आपला का त्यांचा?"

मागे सगळं शांत झालं होतं. ही शांतता मी ओळखतो. बॉल पेनल्टीच्या ठिपक्यावर ठेवला की गॅलरी अशी होते. हा आपला गोल असेल तर मी मध्ये उभा आहे हे बरं, आणि त्यांचा असेल तर मी आपल्याच पोराच्या आड आलो आहे. सरकायला जागा होती, पण कुठे सरकायचं हे सांगणारं तोंड समोर नव्हतं. आयुष्यभर मी तोंड बघून ठरवलं होतं.

"शालन," मी म्हणालो.

मागे कुणीतरी धाव घ्यायला लागलं. बुटाचे खिळे गवतात रुतत होते. मी परात काढली आणि सरळ केली.

परातीत मैदान मावलं. गवत मला वाटलं होतं त्याहून हिरवं होतं. फक्कीच्या रेषा, उतरतं ऊन, आणि पलीकडे शेवटच्या पायरीपर्यंत भरलेली गॅलरी. रंगराव अण्णा होते, पानपट्टीवाला होता, सुतार होते, दोन्ही कॉलेजची पोरं होती. सगळे मैदानाकडे पाठ करून उभे होते. पहिल्या ओळीत शालन होती. तिला मी पदरावरून ओळखलं.

माझ्या कानाजवळून वारा गेला आणि समोरची जाळी फुगली.

गॅलरी ओरडली. मी परात इकडून तिकडे फिरवत एकेक माणूस पाहत गेलो. टोप्या होत्या, माना होत्या, खांदे वर-खाली होत होते. गोल कुणाचा झाला ते सांगणारं तोंड एकही नव्हतं. मी शालनला हाक मारली, जेवढ्या मोठ्यानं मारता येईल तेवढ्या मोठ्यानं. तिला ऐकू गेलं. तिनं हात वर केला आणि न वळता, बोटानं मला खूण केली, पुढं बघा.