इंदूबाईनं वाढवलेले शब्द

नत्थूजी सकाळी आंघोळीला गेले की इंदूबाई दार लोटून घ्यायची, मोबाइल काढायची आणि नवऱ्याच्या वहीत इंग्रजी शब्द लिहायला बसायची. सातवी शिकलेली बाई, पण कामात काय सफाई! न्हाणीतला नळ बंद झाला की वही जागच्या जागी, पेनाला टोपण, आणि ही पोळ्या लाटायला मोकळी. दोन महिने हे चाललं होतं आणि नंदनवन वस्तीतल्या त्या घरात कुणाला पत्ताही नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारपणी हे काय चाळे. तर चाळे नव्हते ते. नत्थूजी म्हणजे सीताबर्डीच्या एका छापखान्यात पंचवीस वर्षं इंग्रजी खिळे जुळवलेला माणूस. शिशाचं एकेक उलटं अक्षर वेचायचं आणि ओळीत बसवायचं. कॉलेजचं तोंड पाहिलं नाही, सगळं इंग्रजी बोटांतून आलं. छापखाना बंद पडला तरी बोटांना चैन पडेना. इंग्रजी पेपरात रोज सात अक्षरांचं कोडं येतं. मधलं अक्षर प्रत्येक शब्दात हवंच, बाकी अक्षरांतून होतील तेवढे शब्द करा. खाली छापलेलं असतं, पंधरा झाले तर चांगलं, पंचवीस झाले तर उत्तम. नत्थूजींचे कधी पंचवीसच्या खाली आले नाहीत. चहाबरोबर निम्मे, आंघोळीनंतर निम्मे, आणि शेवटी पानाच्या तळाशी आकडा. बायकोलाही ए बी सी डी त्यांनीच गिरवून घेतली होती, लग्नानंतर लगेच, त्यामुळे दोघांचं इंग्रजी अक्षर हुबेहूब सारखं.

मग उन्हाळ्यात एक दिवस नऊच शब्द झाले. नत्थूजी दुपारपर्यंत वही घेऊन बसले, ताट निवून गेलं. दुसऱ्या दिवशी सात. तिसऱ्या दिवशी त्यांनी वही मिटली, भिंतीकडे तोंड करून पडले आणि पाण्याचा घोटही घेतला नाही. इंदूबाईला तेव्हा मोबाइल आठवला. लेकीच्या मुलीनं, गुंजननं, तिला मोबाइलवर एकदा गंमत दाखवली होती, अक्षरं टाकली की त्यांत बसणाऱ्या शब्दांची रांगच्या रांग येते. चौथ्या दिवशी नत्थूजी जेमतेम पाच-सहा शब्द लिहून न्हाणीत गेल्यावर तिनं पेपरातली अक्षरं मोबाइलात टाकली आणि त्या रांगेतले पंधरा शब्द वहीत उतरवले. अर्थ एकाचाही माहीत नाही, नुसती अक्षरं पाहून. नत्थूजी आले, वही पाहिली, बराच वेळ पाहिली, आणि मुकाट्यानं दोन पोळ्या जेवले. जेवले ना, मग झालं, असं इंदूबाईनं मनाशी म्हटलं. बाईमाणसाला दुसरं काय हवं असतं हो! रोज मग तेच सुरू झालं.

पण शब्द वाढले म्हणून माणूस थोडाच सुधारतो. श्रावणात नत्थूजी दुधाला गेले आणि तासाभरानं शेजाऱ्याला जगनाडे चौकात सापडले, हातात पिशवी, आणि घर कुठल्या बाजूला ते ठरत नाही. लेक लतिका कामठीहून धावत आली आणि दोघांना मेंदूच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. ऑटोत तिनं आईला बजावून सांगितलं, विसरण्याचा आजार असेल तर आत्ता कळायला हवं. आत्ता गोळ्या सुरू झाल्या तर माणूस काही वर्षं आपला राहतो, उशीर झाला की हात चोळत बसायचं.

डॉक्टरनं नत्थूजींना वार विचारला, तारीख विचारली. बरोबर. तीन शब्द सांगितले आणि पाच मिनिटांनी परत विचारले, तर एकच आठवला. डॉक्टर कपाळाला आठी घालून लिहायला लागला तेवढ्यात लतिकेनं पिशवीतून वही काढली. बाबांचं इंग्रजी बघा म्हणाली. डॉक्टरनं पानं उलटली, कालचंच पान पाहिलं, सव्वीस शब्द. हे मलाही जमणार नाही म्हणाला. एवढं रोज होत असेल तर काळजीचं कारण दिसत नाही, वयाचं विसरणं आहे, सहा महिन्यांनी दाखवा. लतिकेनं देवाला हात जोडले. डॉक्टरनं पेनाला टोपण लावलं.

इंदूबाईनं वहीकडे पाहिलं. गप्प बसलं तर सगळे हसत घरी जातील. बोललं तर परक्या माणसासमोर नवऱ्याची अब्रू जाईल, आणि आपली तर जाईलच. मेली मी, असं ती मनात म्हणाली. पण सहा महिने. सहा महिन्यांत हा माणूस मला तरी ओळखेल का?

"डॉक्टरसाहेब, यातले निम्मे मी लिहिले," ती म्हणाली.

डॉक्टरनं कधीपासून म्हणून विचारलं, तिनं दोन महिने सांगितलं. नत्थूजींनी वही स्वतःकडे ओढली.

"कोणते?"

इंदूबाई एकेका शब्दावर बोट ठेवत गेली. एका शब्दाशी नत्थूजींनी तिचं बोट धरलं. सिंटर, कधी कुणाच्या तोंडी न येणारा शब्द.

"हा तुया हाय?"

"हो. मोबाइलातून उतरवला. मले तर वाचताही येत नाही."

नत्थूजींनी त्या शब्दावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "अक्षर माहं, वही माही, अन् शब्द लिहिल्याचं काही आठवे नाही. रोज असे धा-पंधरा निंघत. मले वाटे, आत्ता लिहिलेलं आत्ताच पुसून जाऊन राहिलं डोक्यातून. भेऊन राहिलो होतो मी, इंदू. तुले समजू नये म्हणून चुपचाप जेवत होतो."

इंदूबाईनं पदर तोंडात कोंबला. दोन महिने तिनं या माणसाला आपल्या हातानं भीती वाढली होती आणि वर पोळीही वाढली होती. डॉक्टरनं तपासण्या लिहून दिल्या, गोळ्या लिहून दिल्या. सुरुवात झालेली आहे, पण वेळेवर आलात म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर आला तेव्हा इंदूबाई चुलीपाशीच घुटमळत होती, बाहेर यायची हिंमत होईना. नत्थूजींनी तिला हाक मारून शेजारी बसवलं आणि तिच्यादेखत कोडं सोडवायला घेतलं. एक झाला, दोन झाले, सहावा यायला पाव तास लागला. मग पेन थांबलं ते थांबलंच. त्यांनी वही तिच्या मांडीवर ठेवली आणि पानाच्या तळाशी आकडा टाक म्हणाले.

"थोडा वेळ पाहा ना अजून," इंदूबाई म्हणाली. "सुचंल एखादा."

"सहाच हायेत वं," नत्थूजी म्हणाले. "सहा लिही."

तिनं सहाचा आकडा लिहिला.