वगदी साहेबांचं खातं

शुक्रवारची दुपार. पुरुषमंडळी नमाजाला गेली होती, ऑफिसात मी एकटीच. तेवढ्यात संगणकाच्या पडद्यावर लाल पट्टी आली: पासवर्डचे नियम बदलले. किमान चौदा अक्षरांऐवजी सहा. चुकीचा पासवर्ड कितीही वेळा मारा, खातं बंद पडणार नाही. बदल करणारा: वगदी शुक्री.

वगदी साहेबांना जाऊन सदतीस दिवस झाले होते.

बारा वर्षं या माणसानं मला शिकवलं, ओरडून, चिडवून, डोकं खाऊन. क्षणभर वेड्यासारखं वाटलं, आले परत! पण साहेब जिवंत असते तरी हे त्यांनी केलं नसतं. एकदा आमचे प्रमुख हाझिम यांनी विचारलं होतं, "दहा अक्षरं नाही का चालणार?" तर साहेब म्हणाले, "मग दार तरी कशाला? पडदा लाव की!" कैरोतल्या सहा इस्पितळांचे कागद आमच्या क्लाउडवर असतात. कुणाला काय आजार, कुणाच्या पोटात मूल, सगळं.

मी खातं बंद केलं, नियम पूर्ववत केले, लॉग-इन असलेल्या सगळ्यांना बाहेर काढलं. नऊ मिनिटं लागली. रुग्णांच्या कागदांना हात लागण्याआधी निभावलं.

हाझिम परत आले आणि एकच विचारलं, "मेलेल्या माणसाचं खातं उघडं कसं राहिलं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. साहेब गेले त्याच्या तिसऱ्या दिवशीच मनुष्यबळ विभागाकडून मला खातं बंद करायचा निरोप आला होता. मीच भडकले होते. "चाळिसावा तरी होऊ द्या! माती ओली आहे अजून, आणि निघाले नाव पुसायला! लाजा कशा वाटत नाहीत?" चाळीस दिवसांच्या आत मेलेल्याच्या वस्तूंना हात लावायचा म्हटल्यावर वाद कोण घालणार? खातं राहिलं.

नोंदी उकरल्या. साहेबांचा पासवर्ड कुठून तरी फुटला होता. पण आत शिरायला त्यांच्या फोनवर येणारा आकडाही लागतो, आणि फोन त्यांच्या बायकोकडे होता.

"झालं तर मग," हाझिम हळू आवाजात म्हणाले. "अहवालात लिहू, घरच्यांचा हलगर्जीपणा. सफीनाझ, तू सुटलीस. नाहीतर तुझी नोकरी जाते बघ."

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. साहेबांच्या बायकोला विचारून खात्री करून घ्यावी म्हणून संध्याकाळी शुब्रा भागात त्यांच्या घरी गेले. जिना चढताना मनातल्या मनात त्यांना झापतही होते.

नफीसा काकूंनी, आम्ही त्यांना तान्त म्हणतो, दुखवट्यातली बिनसाखरेची कॉफी पुढे ठेवली. साहेबांचा फोन कपाटावर चार्जिंगला लावलेला होता.

"तान्त, फोनवर आलेला आकडा कुणाला सांगितलात का?"

"हो, तुमच्याच ऑफिसातल्या मुलाला. सकाळी फोन आला होता त्याचा. म्हणाला, चाळिसाव्याला लावायला साहेबांचे ऑफिसातले फोटो काढतोय, एक आकडा येईल तेवढा वाचून दाखवा. चष्मा सापडेना, तर बिचारा थांबला." त्या थबकल्या. "का गं? माझं काही चुकलं का?"

ऑफिसात कुणीच फोटो काढत नव्हतं; मी कप खाली ठेवला.

"फार गोड बोलला गं," त्या म्हणाल्या. "आधी त्यांच्यासाठी फातिहाची प्रार्थना म्हटली त्यानं. मग विचारलं, साहेब घरी कसे होते, हसायचे का, चिडायचे का. वीस मिनिटं मी नुसती बोलत होते. आकड्याचं काय घेऊन बसलीस, त्यानं आणखी काही मागितलं असतं तरी दिलं असतं. दफनाच्या दिवसापासून त्याच्याशिवाय तुमच्यापैकी एकाचाही फोन नाही. तुझाही नाही, सफीनाझ."

"तुमचं काही चुकलं नाही, तान्त," मी म्हटलं. "चूक माझी."

मग तिथेच, त्यांच्या समोर बसून, मी हाझिमना फोन लावला आणि अहवालात माझं नाव लिहायला सांगितलं.