अर्धा करांदा

"पण बाई, त्या म्हातारीचं नाव काय होतं?"

नववीचा वर्ग खो-खो हसला. सुनेत्राबाईंनी पुस्तक मिटलं. जाड पुठ्ठ्याचं, रंगीत चित्रांचं, परदेशी परीकथांचं पुस्तक.

"अगं, चेटकिणीला कशाला हवं नाव?"

"नवशे, तुमच्या वाडीतलीच असंल. तूच सांग की!" मागच्या बाकावरून कुणीतरी बोललं. पुन्हा हशा.

नवसी खाली बसली. तिला राग आला नाही. सात वर्षं तिला काहीच येत नव्हतं, ना राग, ना रडू. बदलापूरच्या वसतिगृहातल्या मुली तिला दगड म्हणायच्या.

गोष्ट साधी होती. रानात वाट चुकलेल्या दोन भावंडांना एका म्हातारीने गोड पाव खाऊ घातला. धाकटा आजारी पडला. राजाची माणसं आली, त्यांनी म्हातारीला कोंडून झोपडी पेटवली. मग सगळे सुखाने नांदले.

या पुस्तकावर निबंध लिहायचा होता. निवडलेला निबंध अंबरनाथच्या स्पर्धेत वाचायचा होता. मुलींनी परीचे पंख लिहिले, राजपुत्राचा घोडा लिहिला. नवसीने चार पानं लिहिली. पहिल्या तीन पानांत लिहिलं की, ही पुस्तकं लिहिणारा माणूस रानात कधी गेलेला नाही. रानाला भ्यायचं नसतं, रानात खायला मिळतं. राजवाड्यात काय मिळतं ते मला माहीत नाही.

चौथ्या पानावर तिने चौऱ्याऐंशी साल लिहिलं.

तेव्हा ती सात वर्षांची, भाऊ गोमा चार वर्षांचा. बारवी धरणाच्या वरच्या अंगाला त्यांची वाडी. बापाची विधवा बहीण भिकी शेजारच्या खोपटात राहायची. तिने सकाळी गोमाच्या हातावर एक उकडलेला करांदा ठेवला. रानातला कंद तो, बटाट्यासारखा. दुपारी गोमाला जुलाब लागले. बापाने पोराला खांद्यावर टाकून तीन कोस चालत दवाखाना गाठला. दवाखान्याला कुलूप होतं. तसाच परत आला.

दिवे लागताना धाकलू भगत आला. त्याने पितळीत पाणी घेतलं, करणी कुणाची ते दाखवणारे तांदळाचे दाणे सोडले आणि नवसीला पुढे ओढलं. घरातल्या लेकराला विचारायची रीत होती, लेकरू खोटं बोलत नाही म्हणून.

"पोराला खायाला कुनी दिलं गं?"

"भिकी आतेनं. करांदा."

हे खरं होतं. पण त्यातला अर्धा करांदा नवसीने खाल्ला होता. भावाच्या हातातला घास घेतला म्हणून आई मारील, या भीतीने ती पुढचं बोलली नाही. बोलली असती तर तोच करांदा खाऊन ही समोर धडधाकट उभी आहे, हे कुणाला तरी दिसलं असतं. पहाटे गोमा गेला. उजाडल्यावर वाडीने भिकीचं खोपट उपसून फेकलं आणि तिला दगडं मारत ओढ्यापलीकडे घालवली. भुताळी, चेटकीण म्हणून. दवाखान्याच्या कुलपाचं नाव कुणी घेतलं नाही. कुलपावर तांदूळ पडत नाहीत.

"तीन पानं फार छान आहेत गं," सुनेत्राबाई म्हणाल्या. "पण हे चौथं काढ. पुस्तकाबद्दल लिहायचं होतं."

"पुस्तकाबद्दलच हाय ते, बाई."

"असेल. पण अंबरनाथला मोठी माणसं येणार. त्यांच्यापुढे असलं वाचायचं? शाळेचं नाव आहे." त्यांनी पान जपून घडी घालून तिच्या हातात दिलं. बाई वाईट नव्हत्या. वाईट नसलेली माणसंच पानं काढतात.

अंबरनाथला नवसीने तीन पानं वाचली. टाळ्या पडल्या. दुसरं बक्षीस म्हणून प्रमाणपत्र मिळालं. पाहुण्यांनी गाल ओढून विचारलं, "मग आमच्या परीकथा आवडल्या ना, बाळ?" ती हो म्हणाली.

"बाई, इथून उल्हासनगरचा कॅम्प पाच जवळ हाय. आतेला भेटून येते."

"पाचच्या आत स्टेशनवर ये."

वाडीतला जनू मोळ्या विकायला उल्हासनगरला यायचा, त्याने भिकीला तिथे पाहिलं होतं. नवसी विचारत विचारत गेली. एका पत्र्याच्या गाळ्यात शिलाई मशिनी खडखडत होत्या. कोपऱ्यात जीन पॅन्टींच्या ढिगाशी एक वाळकी बाई बारक्या कात्रीने धागे कापत होती. तिने मान वर केली आणि ओळखलं.

"अम्मा, कौन है?" सेठने विचारलं.

"भाची हाय, सेठ. भावाची पोर."

"बैठने दे. पर हाथ चालू रख, माल शाम को जाना है।"

इथे ती अम्मा होती. नवसी तिच्यापुढे बसली, चौथं पान उघडलं आणि वाचलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एका सुरात, शाळेत पाढे म्हणतात तसं. 'अर्धा करांदा मी खाल्ला होता' या वाक्यावरसुद्धा आवाज हलला नाही.

कात्रीही थांबली नाही.

"ठाव हाय मना," भिकी म्हणाली.

"काय?"

"तुझ्या गालाला साल चिकटली व्हती. भगतानं तुला इचारलं, तवा मी समोरच उभी व्हती. बघितली."

"मग बोलली का नाय?"

"बोलून?" भिकीने धागा दातांनी तोडला. "गोमा मरायला लागलेला, अन् तू खाऊन बी जित्ती. मंग तुझ्यावर आले असते तांदूळ. सात वर्साची तू. वढ्यापलीकडं एकटी कुठं गेली असतीस?"

नवसीने पानाची घडी घातली. उलगडली. पुन्हा घातली.

"जेवलीस का?"

"नाय."

भिकीने पिशवीतून कागदाचं पुडकं काढलं. आत दोन पाव आणि बटाट्याची भाजी. पुडकं तिने अर्ध्यापर्यंत पुढे केलं आणि हात तिथेच थांबला. मग तिने ते पॅन्टींच्या ढिगावर ठेवलं, तोंड भिंतीकडे फिरवलं आणि पुढची पॅन्ट मांडीवर ओढली.

"तुझ्या हातानं घे," ती म्हणाली.